पहिला गेमिंग पीसी स्वतः जोडायचा आहे : पार्ट निवडायला मदत हवी

केतकी_बार्शी

नमस्कार मंडळी. मी बार्शीत राहते, नोकरी घरूनच आहे. पगारातून बाजूला टाकत टाकत नव्वद हजार जमलेत आणि त्यात गेमिंगसाठी डेस्कटॉप करायचाय. तयार नको, पार्ट आणून माझ्या हाताने जोडायचाय. रात्री कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळते, सध्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर. त्याशिवाय सायबरपंक २०७७सारखे मोठे गेम निवांत खेळायचेत. मॉनिटर नाही, तोही याच पैशांत बसवायचाय. कीबोर्ड-माऊस आहेत.

ओळखीच्या दुकानदाराने दिलेलं कोटेशन असं : इंटेल आय७ १२७००एफ, एच६१० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबी रॅमची एक पट्टी, जीटीएक्स १६५० ४ जीबी कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, रंगीत दिव्यांचा लिक्विड कूलर आणि एसएमपीएससकट (वीजपुरवठ्याचा डबा) काचेचं कॅबिनेट. मॉनिटर वेगळा. "आय७ घेतलास की दहा वर्षं बघायला नको," असं त्याचं म्हणणं.

हे बरोबर आहे का? नसेल तर काय बदलू? आणि घरचे म्हणतात की जोडताना काही जळलं तर सगळे पैसे पाण्यात, त्यावरही सांगा.

घाटमाथा

केतकी, विचारलंस ते फार बरं केलंस. हे कोटेशन ऑफिसच्या जड कामाला चालेल, गेमिंगला नाही. १२७००एफ उत्तम प्रोसेसर आहे, १२ कोअरचा (कोअर म्हणजे आतला एकेक मेंदू), पण पडद्यावरचं चित्र मुख्यतः ग्राफिक्स कार्ड काढतं, आणि १६५० हे २०१९चं, ४ जीबी मेमरीचं कार्ड आहे. दगडी कमान बांधून आत पत्र्याची खोली काढल्यासारखं झालंय हे. व्हॅलोरंट चालेल त्यावर, सायबरपंक मात्र सगळी सेटिंग्ज खाली आणूनही रडत रडत चालेल.

निवड मॉनिटरपासून सुरू कर. तुझ्या पैशांत २४ इंची, १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा), १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं) किंवा त्याहून जास्तीचा आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) मॉनिटर बसतो. तो ठरला की त्याला पुरेल असं कार्ड बघायचं. टॉवरच्या खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कार्डावर गेला तरी हात आखडू नकोस. मग त्या कार्डाला साथ देईल असा सहा कोअरचा प्रोसेसर : रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. दोन्हींच्या खोक्यात कूलर येतो आणि तो पुरतो. लिक्विड कूलरचे पैसे तिथेच वाचले.

रॅम १६ जीबी बरोबर आहे, पण ८-८च्या दोन पट्ट्या घे. एकच पट्टी असली की मेमरीची एकच वाट चालू राहते आणि गेममध्ये मधेच हिसके बसतात. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण ऐन गोळीबारात चित्र अडखळतं. व्हॅलोरंटसारखा गेम प्रोसेसर आणि रॅमवर जास्त चालतो, तिथे हे लगेच जाणवेल.

बिटबाइट

+१, फक्त एकच मतभेद. ५६०० एएम४ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) बसतो आणि त्या सॉकेटचा प्रवास संपत आलाय. त्यानंतरचा एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आला आणि २०२७पर्यंत, किंबहुना त्यापुढेही, त्याला साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड घेतलं तर चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून मशीन नवं होईल. पहिला पीसी आहे, पाया पक्का असू दे.

घाटमाथा

बिटबाइट, एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण एएम५ला डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) लागते आणि रॅमचे भाव बघितलेस का? २०२५च्या शेवटी दुप्पट-तिप्पट झाले. जगात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ही महागली आहे, पण जुनी डीडीआर४ ओळखीत कुणाकडे तरी पडलेली असते आणि निम्म्या भावात मिळते. एएम५चं बोर्ड आणि रॅम यांत जास्तीचे जे पैसे जातील तेवढ्यात तिचं कार्ड एक पायरी वर जातं. चार वर्षांनंतरच्या प्रोसेसरसाठी आजचं कार्ड लहान करायचं, हे मला पटत नाही.

बिटबाइट

रॅमबद्दल मान्य. तरी कुणाकडे बजेट दहा-पंधरा हजारांनी जास्त असेल तर माझं मत एएम५च. केतकीच्या आकड्यात एएम४, ठीक आहे. फक्त बोर्ड बी४५० नको, बी५५० घे. ८ जीबीची बरीच कार्डं पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली वाट) आठच लेन वापरतात, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० दोन्ही तशीच. बी४५०वर त्या लेन तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात. कार्डाची मेमरी भरली आणि डेटा रॅममधून आणायची वेळ आली की तिथे गळा आवळला जातो.

रंगीला_रतन

इंटेलच नको. तेरावी-चौदावी पिढी जळते म्हणून एवढा गाजावाजा झाला होता ना?

घाटमाथा

रतन, बाराव्या पिढीचा त्याच्याशी संबंध नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२४००एफ डोळे झाकून घ्यावा. फक्त नावातला 'एफ' लक्षात असू दे : त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय पडदा काळाच. ५६००मध्येही नसतं.

शमिका

विषयांतर होतंय, माफ करा. माझा मुलगा दहावीला आहे आणि बरोबर अशाच पीसीचा हट्ट धरून बसलाय. त्याचे बाबा म्हणतात परीक्षा झाली की बघू. एवढे पैसे खेळात घालायचे का, हे मला अजून समजत नाही. पण या धाग्यावरची चर्चा वाचून वाटलं की यात शिकण्यासारखंही बरंच आहे. हा पीसी अभ्यासाला चालतो ना, की फक्त खेळाला?

लॅमिंग्टनकर

शमिकाताई, चालतो म्हणजे काय, धावतो. थ्रीडी, व्हिडिओ एडिटिंग, प्रोग्रॅमिंग, सगळं याच यंत्रावर होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा गेम केला, २०२०मध्ये जगभर आला. आपल्या मुलांनी नुसतं खेळण्यापलीकडे जाऊन गेम बनवावेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची सुरुवात बहुतेकांची कॅबिनेट उघडण्यापासून होते.

मी १९९७-९८च्या काळात ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर जायचो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोडच. तेव्हा हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच पट्ट्यावर लावताना मागच्या पिनांवर जंपर बसवून मालक कोण, नोकर कोण ते ठरवावं लागे. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच आयआरक्यूवर (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) आले की दोन्ही मुके. सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर घेऊन त्याची बस ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ४५०वर पळायचा, त्या आनंदाला तोड नव्हती. आता बहुतेक जोडण्यांचे खाचे असे केलेत की चुकीची वायर चुकीच्या जागी जातच नाही. केतकी बेटा, घरच्यांना सांग, तेव्हाच्या मानाने आता हे काम फार सुरक्षित झालंय.

कन्सोल_किनारा

एवढा त्रास कशाला? पीएस५ घ्या, टीव्हीला लावा, खेळा. ड्रायव्हर नाही, बायॉस (बोर्डाची आतली सेटिंग्ज) नाही, पैसेही वाचतात.

केतकी_बार्शी

@कन्सोल_किनारा, विचार केला होता. पण व्हॅलोरंट मी माऊसवर खेळते आणि ऑफिसचं कामही याच मशीनवर हलवायचंय. शिवाय जोडायची हौस आहेच.

@घाटमाथा, @बिटबाइट, खूप आभार. कोटेशन परत केलं. दुकानदार चांगला माणूस आहे. म्हणाला, आमच्याकडे गिऱ्हाईक आय७ विचारत येतं, कार्ड कुणी विचारत नाही. आता प्रश्न कार्डाचा : एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० की एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी? आणि ८ जीबी पुरेल का?

जुनाबाजार

दोन्ही नको. सेकंडहँड बघ. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हापासून जुन्या कार्डांचा बाजार आपल्याकडे चांगला रुळलाय. आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा आरएक्स ६६०० नव्याच्या मानाने बऱ्याच स्वस्तात मिळतात. बघायची ती गोष्ट मायनिंग नव्हे. पंखे खडखडतात का, स्क्रू कुणी उघडलेत का, मूळ बिल आहे का आणि समोर बसून अर्धा तास जड बेंचमार्क (चाचणीचा प्रोग्रॅम) चालवला तर तापमान कुठे जाऊन थांबतं, हे बघायचं.

बिटबाइट

जुनाबाजार, तुमचं तंत्र बरोबर आहे, पण ती बार्शीत आहे. कार्ड बघायला पुण्याला जाणार, समोरच्याच्या मशीनवर तपासणार, आणि पहिलाच पीसी असल्यामुळे नंतर बिघाड निघाला तर तो कार्डाचा की बाकी कशाचा हे ओळखायला दुसरं कार्डही हाताशी नाही. पहिल्या बिल्डला कार्ड, एसएमपीएस आणि एसएसडी नवेच हवेत. जुनं घ्यायचंच तर रॅम आणि प्रोसेसर घ्यावा. पिना सरळ असतील तर प्रोसेसर सहसा बिघडत नाही.

८ जीबीबद्दल : १०८०पीवर आज पुरतं, पण काठावर. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणं) चालू केलं आणि टेक्स्चर वर ठेवली की मोठे गेम ८ जीबीच्या पुढे जातात. मग चित्र मळकट तरी होतं किंवा हिसके तरी बसतात. सायबरपंक रे ट्रेसिंगसह खेळायची इच्छा असेल तर ९०६० एक्सटीची १६ जीबी आवृत्ती बघ, ती सोळा लेन वापरते आणि १६० वॅटच्या आसपासच खाते. एनव्हिडियाचं डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) चांगलं आहे, त्यासाठी ५०६० घेणारे आहेत. माझा कौल मात्र मेमरीला. सेटिंग खाली आणता येतं, कार्डावरची मेमरी वाढवता येत नाही.

दूरदेशी

मी डॅलसजवळ राहतो. इथे मायक्रो सेंटरमध्ये प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र घेतली तर भाव बराच कमी पडतो. मे महिन्यात सोलापूरला येतोय. केतकीला हवं असेल तर कार्ड आणून देऊ शकतो.

घाटमाथा

दूरदेशी, मनाने फार मोठे आहात. पण कार्ड नको. बऱ्याच ब्रँडची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथेच चालते. दोन वर्षांनी पंखा थांबला तर तिने डॅलसला पाठवायचं का? इथल्या भावात १८ टक्के जीएसटी भरावा लागतो हे खरं, पण इथलं बिल हातात असतं.

तीनफेज

सगळे कार्डावर बोलताहेत. कोटेशनमधली सगळ्यात धोक्याची ओळ कुणी नीट धरली नाही : "एसएमपीएससकट कॅबिनेट". कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या त्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. तो उचलून बघा, वजनच सांगतं की आत तांबं किती आहे. बाजूचं स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिलेत ते बघा आणि १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच.

केतकीताई, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्राँझ घ्या. ८० प्लस ब्राँझ म्हणजे निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के कार्यक्षमता. हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, आतल्या भागांच्या दर्जाचं नव्हे. म्हणून वॉरंटीही बघा, पाच वर्षांची असली तर उत्तम. तुमचं अख्खं मशीन खेळताना अडीचशे-तीनशे वॅटच्या पुढे फारसं जाणार नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. अर्थिंग. आपल्याकडे जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर शंभरएक व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण पत्र्याला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. खूप लोक ते "थोडा करंट मारतो" म्हणून सोडून देतात. सोडू नका. अर्थ नसताना पुढे मोठा दोष आला तर त्या करंटला जायला वाट तुमच्या अंगातूनच असते. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, माणसाच्या अंगातून गेलेल्या एवढ्याशा करंटने तो पडत नाही.

शमिका

बापरे. आमच्या फ्रिजला हात लावला की असंच होतं! उद्याच वायरमनला बोलावते.

तीनफेज

शमिकाताई, उद्यापर्यंत तो ओल्या हाताने, अनवाणी उघडू नका. आणि अर्थिंगचा खड्डा घराभोवती असेल तर त्यात पाणी घालून बघा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो.

मांडवीतीर

आमच्या फोंड्यात उन्हाळ्यापेक्षा पावसाळा त्रास देतो. चार महिने बंद ठेवलेल्या मशीनच्या जोडण्यांवर हिरवट थर धरतो. आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने दमट हवा निघून जाते. बार्शीला हा प्रश्न नाही, पण कोकणातलं कुणी वाचत असेल तर उपयोग होईल.

संत्रानगरी

आणि आमच्याकडचं ऊन घ्या ना भाऊ! नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५, खोलीत कूलर लावूनही ३४-३५. परदेशातले लोक व्हिडिओत दाखवतात ते तापमान २०-२२च्या खोलीतलं असते. कार्ड तिथं ६५वर चालत असेल तर इथं ते ७८-८० दाखवणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खोली जेवढी तापते तेवढं कार्ड तापते, साधा हिशोब.

केतकी, सोलापूर जिल्ह्याचं ऊन काही कमी नाही. म्हणून समोर काच असलेलं कॅबिनेट नको. समोर जाळी पाहिजे. काचेमागे पंखे नुसते दिसायला, हवा येते कुठून? जाळीच्या मागं धुळीचं फिल्टर असते, ते काढून नळाखाली धुता येते असं बघ. आणि एअर कूलरच्या समोर टॉवर ठेवू नको बरं, ओली हवा सरळ आत जाते.

पेंग्विनप्रेमी

विंडोजचे पैसे बजेटमध्ये धरलेत का? लिनक्स टाका, फुकट आहे. सायबरपंक स्टीमच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) मस्त चालतो.

बिटबाइट

पेंग्विनप्रेमी, तुमचं म्हणणं आवडलं, पण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर चालतच नाही. आणि विंडोज ११वर ते टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या सोयी) दोन्ही मागतं. केतकी, विंडोज टाकायच्या आधी बायॉसमध्ये दोन्ही चालू कर. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, त्यामुळे ११च टाक.

केतकी_बार्शी

काल वायरमन काका आले होते. आमच्या वरच्या खोलीतल्या सॉकेटला खरंच अर्थ नव्हता. खालच्या बोर्डपासून नवीन वायर ओढून दिली, आता न्यूट्रल-अर्थमध्ये एक व्होल्टच्या आत येतंय. तीनफेज काका, तुमचे किती आभार मानू!

इकडे वीज जाते अधूनमधून. घरात इन्व्हर्टर आहे. त्यावर चालेल की यूपीएस घेऊ?

तीनफेज

इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का ते बघा. चौकोनी लाटेचा असेल तर त्यावर हा पीसी लावू नका. साइन वेव्ह असेल तर त्याच्या पाठीमागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते चालू करा. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरने तेवढ्याच्या आत हात दिला तर पीसीला कळतही नाही. साध्या मोडवर त्याला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घ्यायचाच तर ६०० व्हीएचा घेऊ नका, त्यातून खरे ३६० वॅटच मिळतात आणि खेळताना तो काठावर येईल. ११०० व्हीएचा बघा. तोही खेळत राहण्यासाठी नव्हे, गेम सेव्ह करून शांतपणे बंद करण्यासाठी.

केतकी_बार्शी

मोड होता, चालू केला.

तर यादी अशी ठरतेय : रायझन ५ ५६००, बी५५०चं मायक्रो-एटीएक्स बोर्ड, ८-८ जीबी डीडीआर४ ३२०० (ही मामेभावाच्या जुन्या मशीनमधून मिळतेय), आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅट ब्राँझ, समोर जाळीचं साधं कॅबिनेट आणि २४ इंची १०८०पी मॉनिटर. रॅमचे पैसे वाचले म्हणून १६ जीबीचं कार्ड बसतंय. दुकानदारानेच प्रोसेसर, बोर्ड आणि कॅबिनेट मागवून द्यायचं कबूल केलंय, बाकी ऑनलाइन. काही राहिलंय का?

घाटमाथा

झकास यादी. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये मावणारी लांबी दोन्ही ठिकाणी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, तेवढं ताडून घे. तीन पंख्यांचं कार्ड लहान कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यांना अडतं. ऑनलाइन आलेलं खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढ, सील आणि सिरियल नंबर दिसेल असा.

जोडताना आधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. ५६००च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. सॉकेटची दांडी पूर्ण उभी कर, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळव आणि नुसता सोडून दे. तो आपल्या वजनाने खाली बसतो. बसला नाही तर दाबायचा नाही, उचलून परत बघायचं. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन खाचांचं बोर्ड असेल तर दोन्हीत. पट्टी दाबताना बोर्ड किंचित वाकतं आणि 'टक' आवाज येतो, तो येईपर्यंत दाब. कूलरच्या तळाला पेस्ट लावलेलीच येते, त्याला बोट लावू नकोस. एवढं झालं की कार्ड आणि एसएमपीएस बाहेरच जोडून एकदा चालू करून बघ. बायॉस दिसलं की मगच कॅबिनेटमध्ये.

आठ पिनांच्या दोन वायरी असतात : प्रोसेसरची चार-चार अशी तुटते, कार्डाची सहा-दोन अशी. खाचे वेगळे आहेत, जोर लावावा लागला तर समज की वायर दुसरीच आहे.

लॅमिंग्टनकर

कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवण्याआधी पितळी उंचवटे मोज. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच उंचवटा हवा. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि मशीन चालूच होत नाही. माझ्याकडे "बोर्ड मेलं" म्हणून आलेली कित्येक मशीन तेवढा एक उंचवटा काढला की जिवंत झालीत.

जुनाबाजार

आणि पडद्याची वायर कार्डाला लाव, बोर्डाला नाही. बोर्डावरही एचडीएमआय दिसेल, ५६००बरोबर ते बंदच असतं.

बिटबाइट

शेवटचे दोन. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग चालू करणारं सेटिंग) चालू केल्याशिवाय बऱ्याच पट्ट्या ३२००वर न चालता खालच्या वेगाने चालतात. आणि विंडोज नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच ठेवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन १४४ निवड. ते न करता वर्ष-वर्ष खेळणारे लोक आहेत.

शमिका

वायरमन येऊन गेला, फ्रिजच्या सॉकेटचंही तेच होतं. तीनफेज, मनापासून धन्यवाद. मुलाला हा धागा दाखवला. म्हणतोय, परीक्षेनंतर यादी तो करेल आणि इथेच टाकेल. बाबांनी मान डोलावली आहे.

केतकी_बार्शी

सगळ्यांचे आभार. पार्ट येत्या आठवड्यात येतील, फोटो टाकतेच. एक बारकी शंका राहिली : कॅबिनेटबरोबर तीन पंखे आहेत आणि ते मलाच लावायचेत. हवा कुठून आत, कुठून बाहेर?

संत्रानगरी

समोरून दोन आत घेणारे, मागून एक बाहेर फेकणारा. पंख्याची एक बाजू मोकळी असते, दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या चार काड्या असतात. हवा काड्यांच्या बाजूनं बाहेर पडते. म्हणजे समोरच्या दोन्ही पंख्यांच्या काड्या कॅबिनेटच्या आत दिसल्या पाहिजे आणि मागच्याच्या बाहेर. लावून झाल्यावर जाळीला टिश्यू पेपरचा तुकडा लावून बघ, चिकटला तर बरोबर.